संघटनेचा पाठिंबा ठरतो कुठे?

३० जानेवारी २०२३ रोजी मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत जे मतदान झालं, त्यात मतदान यंत्र नव्हतं. मतदाराच्या हातात छापील मतपत्रिका होती. तिच्यावर उमेदवारांची नावं होती, पण कमळ, पंजा, घड्याळ यांपैकी एकही चिन्ह नव्हतं. केंद्रावरच मिळालेल्या जांभळ्या स्केच पेनने आपल्या पसंतीप्रमाणे नावांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे होते. मतदार साठ हजारांच्या आसपास, आणि सगळे शिक्षक. विधान परिषदेच्या औरंगाबाद विभाग शिक्षक मतदारसंघाची ही निवडणूक होती.

राष्ट्रवादी काँग्रेसचे विद्यमान आमदार विक्रम काळे आणि भाजपचे किरण पाटील हे दोन पक्षांचे उमेदवार होते. त्यांच्यासमोर सूर्यकांत विश्वासराव हे मराठवाडा शिक्षक संघाचे उमेदवार म्हणून उभे होते. म्हणजे पाठिंबा द्यायला दुसरा कुणी न शोधता संघटनेने आपलाच माणूस उभा केला होता. पहिल्या पसंतीच्या मतांवर कुणालाच विजयाचा कोटा गाठता आला नाही. बाद होणाऱ्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजत मोजत शेवटी काळे निवडून आले. पण कुठल्याही मोठ्या पक्षाची यंत्रणा पाठीशी नसलेल्या विश्वासरावांनी हजारोंनी मतं घेतली आणि लढत खऱ्या अर्थाने तिरंगी केली.

कामगारांच्या, कर्मचाऱ्यांच्या संघटना निवडणुकीत कुणाला पाठिंबा द्यायचा हे कसं ठरवतात, या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण बहुतेक वेळा पत्रकार परिषदेकडे बघतो. नेता हार घालतो, उमेदवार हात जोडतो, दुसऱ्या दिवशी बातमी येते. पाठिंबा तिथे जाहीर होतो, पण ठरलेला असतो त्याच्या कितीतरी आधी. तो कुठे ठरतो, हे शिक्षक मतदारसंघात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच.

संविधानाच्या १७१व्या अनुच्छेदाने विधान परिषदेतल्या सुमारे एक बारांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या ठरवल्या. महाराष्ट्राच्या ७८ जणांच्या परिषदेत अशा ७ जागा आहेत. मतदार कोण? माध्यमिक किंवा त्याहून वरच्या स्तरावर किमान तीन वर्षं शिकवलेला शिक्षक. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतल्या शिक्षकांच्या संघटना गावोगाव पसरलेल्या आणि ताकदवान आहेत, पण त्यांच्या सभासदांना या निवडणुकीत मत नाही. उलट, माध्यमिक शाळा, कनिष्ठ महाविद्यालयं आणि वरिष्ठ महाविद्यालयं अशा तिन्ही ठिकाणचे शिक्षक एकाच यादीत येतात, आणि तिघांच्या संघटना वेगळ्या असतात. वरिष्ठ महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या बामुक्टोचं वजन, कनिष्ठ महाविद्यालयांत जुक्टाचं, माध्यमिक शाळांत शिक्षक संघाचं. एका जागेसाठी हे सगळे एकत्र आले तर बाहेरच्या कुणाची डाळ शिजणार नाही. ते क्वचितच एकत्र येतात.

ही मतदारयादी प्रत्येक निवडणुकीआधी कोरी सुरू होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख धरून प्रत्येक शिक्षकाने नमुना १९चा अर्ज नव्याने भरायचा, सोबत गेल्या सहा वर्षांत तीन वर्षं शिकवल्याचं संस्थाप्रमुखाचं प्रमाणपत्र जोडायचं. जो हे अर्ज जमवतो, त्याला आपला मतदार कोणत्या शाळेत किती आहे हे निवडणुकीच्या तीन-चार महिने आधीच कळतं. तालुक्याच्या पदाधिकाऱ्याने दोनशे अर्ज भरून घेतले तर मध्यवर्ती कार्यकारिणीच्या बैठकीत त्याच्या शब्दाला दोनशे अर्जांचं वजन येतं. उमेदवार बीडचा असावा की नांदेडचा, जुन्याला पुन्हा संधी द्यावी की नव्याला, यावर बैठकीत भाषणं कितीही झाली, तरी पारडं झुकतं ते या अर्जांकडे. पाठिंब्याचा पहिला निर्णय असा शाळेच्या कार्यालयात, मुख्याध्यापकाच्या शिक्क्याखाली होत असतो.

आणि इथेच संस्थाचालक आत येतो. मराठवाड्यात खाजगी शिक्षणसंस्थांचं जाळं मोठं आहे आणि त्यातल्या अनेक संस्था राजकीय घराण्यांच्या आहेत. प्रमाणपत्रावर सही संस्थेची, नेमणुकीला मान्यता मिळवून देणारी संस्था, बदली करणारीही संस्था. तेव्हा संघटनेने काहीही ठरवलं तरी शिक्षकाच्या कानावर दुसरा एक निरोप आलेला असतो. मत गुप्त आहे हे शिक्षक जाणतो. पण आपल्या शाळेतून किती अर्ज गेले आणि आपल्या केंद्रावर कुणाला किती पाठबळ होतं, याचा अंदाज लावणारेही असतात. संघटनेला आपल्या सभासदाचं मत मिळवायचं असेल तर आधी त्याची भीती घालवावी लागते, आणि हे काम निवडणुकीच्या महिन्यात होत नाही. वेतन थकलं, मान्यता अडली, निलंबन झालं, तेव्हा कोण धावून आलं, हे शिक्षक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो.

आता २०२३च्या निवडणुकीआधीच्या एका शिक्षक-खोलीत डोकावू. एका टेबलाशी तीन शिक्षक बसले आहेत. पहिला १ नोव्हेंबर २००५च्या आधी शंभर टक्के अनुदानित शाळेत लागला; त्याला जुनी पेन्शन आहे. दुसरा त्या तारखेनंतर लागला. त्याच्या पगारातून अंशदान कापलं जातं आणि निवृत्तीनंतर नेमकं किती मिळेल हे बाजार ठरवतो. तिसरा विनाअनुदानित तुकडीवर आहे किंवा टप्पा अनुदानावर. पूर्ण पगार कधी सुरू होणार, हाच त्याचा प्रश्न. यांतच आणखी एक बारीक गट आहे: २००५च्या आधी नेमणूक झालेली, पण शाळेला पूर्ण अनुदान नंतर मिळालं, म्हणून पेन्शनच्या दाराबाहेर राहिलेले. हे सगळे एकाच संघटनेची पावती फाडतात. मग संघटनेने उमेदवाराला पहिला प्रश्न कोणता विचारायचा? पेन्शनचा की अनुदानाचा?

संघटनेच्या आतला खरा झगडा असतो तो हा. उमेदवार निवडण्याआधी मागणी निवडावी लागते, आणि मागणी निवडताना कुणीतरी मागे राहतं. ४ ऑक्टोबर २०१६ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक औरंगाबादेत होती, तेव्हा विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांनी मोर्चा काढला आणि त्यांच्यावर लाठीमार झाला. त्या दिवशी रस्त्यावर होता तो तिसरा शिक्षक. २०२३च्या निवडणुकीत आवाज घुमला तो दुसऱ्याचा. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा सगळ्या प्रचारावर पसरली. तिसऱ्याचं दुःख कमी झालं नव्हतं; पण पेन्शनच्या मागणीभोवती शिक्षकांबरोबर तलाठी, परिचारिका, लिपिक असे सगळ्या खात्यांचे कर्मचारी गोळा होत होते, आणि संघटनेला नेहमी रुंद रस्ता सोयीचा वाटतो. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला पगारच नाही त्याचा प्रश्न पेन्शनच्या प्रश्नाखाली दबला, हे त्या वेळच्या बऱ्याच शिक्षक संघटनांचं अपयश होतं.

घोषणेने काम केलं, हे मात्र खरं. डिसेंबर २०२२मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन दिली तर राज्य दिवाळखोरीत जाईल असं सांगितलं. महिनाभरात, शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या प्रचारात, आपण जुन्या पेन्शनबाबत नकारात्मक नाही, असा त्यांचा सूर होता. संघटनेला पाठिंब्याच्या बदल्यात काय मिळतं, याचं हे ठळक उदाहरण. जागा जिंकण्याआधीच सरकारची भाषा बदलली. नंतर १४ मार्च २०२३पासून राज्यातले सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले आणि २० मार्चला संप मागे घेतला गेला. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्राने एकत्रित निवृत्तिवेतन योजना आणली आणि महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ती लगोलग स्वीकारली. जुनी पेन्शन जशीच्या तशी आली नाही, पण खात्रीच्या रकमेचं तत्त्व परत आलं.

त्याच ३० जानेवारीला नागपुरातही मतदान झालं, आणि तिथली कथा मराठवाड्याच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाने, म्हणजे ‘विमाशि’ने, आपले सुधाकर अडबाले यांना उभं केलं. समोर सलग दोनदा निवडून आलेले नागो गाणार होते. तेही शिक्षक परिषदेचे म्हणजे संघटनेतलेच, आणि त्यांना भाजपचा पाठिंबा होता. महाविकास आघाडीत ही जागा आधी शिवसेनेकडे होती. त्यांच्या उमेदवाराने माघार घेतली आणि काँग्रेस अडबालेंच्या मागे उभी राहिली. अडबाले मोठ्या फरकाने जिंकले. इथे क्रम बघा: संघटनेने माणूस ठरवला, पक्ष नंतर आले. मराठवाड्यात शिक्षक संघाने माणूस ठरवला, पण मोठे पक्ष आपापला उमेदवार घेऊन उतरले. संघटनेच्या निर्णयाची पद्धत दोन्हीकडे जवळपास तीच, फरक पडला तो पक्षांच्या सोयीमुळे. एखाद्या पक्षाकडे स्वतःचा तगडा उमेदवार नसतो तेव्हा संघटनेचा भाव वाढतो. मराठवाड्यात राष्ट्रवादीकडे विक्रम काळे होते, ज्यांचे वडील वसंतराव काळे यांनीही याच मतदारसंघाचं प्रतिनिधित्व केलं होतं. तिथे पक्षाला संघटनेच्या दारात जायची गरज नव्हती.

शिवाय उमेदवार शिक्षकच असला पाहिजे असंही नाही. तमिळनाडूतल्या पदवीधर मतदारसंघाच्या खटल्यात १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मतदार पदवीधर हवा, उमेदवार पदवीधर असण्याची अट संविधानात नाही. शिक्षकांच्या जागेलाही हाच न्याय लागू होतो. म्हणून ‘आमचा माणूस’ कोण, याची व्याख्या संघटनेलाच करावी लागते.

पसंतीक्रमाच्या मतदानात आणखी एक निर्णय असतो, आणि तो बहुतेक संघटना टाळतात. पहिली पसंती आपल्या उमेदवाराला, दुसरी कुणाला? एका जागेसाठी निम्म्याहून एक मत जास्त हा कोटा असतो. तो कुणालाच मिळाला नाही की दुसऱ्या पसंतीवर निकाल फिरू शकतो. संघटना जर दुसऱ्या पसंतीबाबत बोलली तर आपला उमेदवार पडणार हे कबूल केल्यासारखं होतं. बोलली नाही तर तिच्या मतांची शेवटची किंमत दुसरेच ठरवतात. ही कोंडी सोडवायची तर उमेदवारांशी लेखी बोलणी आधीच करावी लागतात आणि ती सभासदांसमोर ठेवावी लागतात. तेवढी हिंमत दाखवणाऱ्या संघटना थोड्या.

आता शाळांतून कारखान्यांकडे, औरंगाबाद म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत जाऊ. अंतर फार नाही, पण पाठिंब्याचं गणित पूर्ण बदलतं.

१९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने उभे राहत गेले. त्याच वर्षी ८ जूनला औरंगाबाद शहरात शिवसेनेची पहिली शाखा उघडली. १९८८च्या पहिल्या महापालिका निवडणुकीत सेनेने २७ जागा जिंकल्या. उद्योग आणि नवं राजकारण या शहरात हातात हात घालून आले, आणि कामगार संघटनांना दोन्हींशी एकदमच जुळवून घ्यावं लागलं. इथल्या कारखान्यांत सिटू आहे, भारतीय कामगार सेना आहे, आणि कुठल्याच झेंड्याखाली नसलेल्या ‘अंतर्गत’ युनियन पुष्कळ आहेत. अंतर्गत युनियनचा सगळा जीव वेतनकरारात असतो. करार रखडला, गेटवर बैठक घ्यायची वेळ आली, कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात तारखांवर तारखा पडू लागल्या, की एखाद्या आमदाराचा फोन उपयोगी पडतो. त्यामुळे त्यांचा पाठिंबा बहुधा विचाराला नसतो, फोन उचलणाऱ्या माणसाला असतो. यात मला कमीपणा दिसत नाही. टाळेबंदीच्या दिवशी कोण आलं, हा प्रश्न जाहीरनाम्यातल्या दहा आश्वासनांपेक्षा जास्त प्रामाणिक आहे.

अडचण वेगळी आहे. वाळूजचा कामगार राहतो बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, वाळूजलगतचं पंढरपूर या भागात, पण त्याचं नाव मतदारयादीत असतं पैठण, जालना, बीड किंवा बुलढाण्याच्या एखाद्या गावात. ज्यांची नावं इथे आहेत त्यांतले कितीतरी कंत्राटी आहेत आणि कंत्राटी कामगार युनियनच्या पावतीवर नसतो. उरलेला कायम कामगार मतदान केंद्रावर जातो तेव्हा तो केवळ कामगार म्हणून जात नाही. जात, धर्म, गल्ली, गावकी हे सगळं त्याच्यासोबत असतं. २०१९ची औरंगाबाद लोकसभा आठवा. एमआयएमचे इम्तियाज जलील अवघ्या ४,४९२ मतांनी शिवसेनेच्या चंद्रकांत खैरेंना हरवून निवडून आले, आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी २ लाख ८० हजारांहून जास्त मतं घेतली. त्या निवडणुकीचं विश्लेषण मराठा, मुस्लिम, दलित मतांच्या भाषेत झालं. एवढ्या बारीक फरकाच्या निकालात कुठल्याही गटाला ‘आमच्यामुळे’ म्हणता येतं, पण ‘कामगारांमुळे’ असं कुणी म्हणाल्याचं आठवत नाही. ज्या शहराची ओळख औद्योगिक वसाहतींनी घडवली, तिथे हे व्हावं, ही मला गंभीर गोष्ट वाटते. २०१४मध्ये हमाल-मापाड्यांच्या आणि असंघटितांच्या चळवळीतले सुभाष लोमटे याच मतदारसंघातून आम आदमी पक्षातर्फे उभे होते. चळवळीतली त्यांची कामगिरी मोठी होती. लोकसभेच्या मतपेटीत ती उतरली नाही.

हमालांच्याच बाबतीत दुसरं टोक पाहायला मिळतं. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या १८ जणांच्या संचालक मंडळात हमाल-मापाड्यांची एक राखीव जागा असते. मतदार मोजके आणि सगळे एकमेकांना ओळखणारे. पाठिंबा ठरतो तो बाजाराच्या आवारात, तोंडावर. आणि मुंबई-नवी मुंबईचे माथाडी कामगार बघा. ते सातारा-सांगलीकडून आलेले, आणि अनेकांनी मतदान गावीच ठेवलं. वाळूजमध्ये ज्याने युनियनची ताकद विखुरली, त्याच गोष्टीने माथाडी संघटनेला साताऱ्यात ताकद दिली, कारण सगळे एकाच पट्ट्यातले. अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली ही चळवळ. तिच्यातून आलेले त्यांचे पुत्र नरेंद्र पाटील २०१९मध्ये साताऱ्यातून शिवसेनेतर्फे लोकसभा लढले, आणि २०२४मध्ये त्याच चळवळीतले शशिकांत शिंदे शरद पवारांच्या राष्ट्रवादीतर्फे. एका घरातून दोन झेंडे निघाले. दोघेही पडले.

ही फाटाफूट आजची नाही. गिरणगावात १९५७ साली मुंबई मध्य मतदारसंघातून श्रीपाद अमृत डांगे मोठ्या मताधिक्याने लोकसभेत गेले. गिरणी कामगाराची युनियन आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तेव्हा एका दिशेने चालत होती. १९६७मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडलं, तेव्हा टॅक्सीवाले आणि पालिका कामगार त्यांच्यासाठी राबले. पण ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांच्याविरुद्ध शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. गिरणीत लाल बावटा आणि चाळीत भगवा, असं जगणं कामगाराने तेव्हाच सुरू केलं होतं. संघटनेने सांगितलं म्हणून मत, हे नातं तिथे तुटलं. आणि १९८४ने तेच नातं पुन्हा जोडून दाखवलं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप कामगारांना काहीही न देता विरला होता. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने देशभर चारशेच्या वर जागा घेतल्या, आणि त्याच लाटेत त्या संपाचे नेते दत्ता सामंत दक्षिण-मध्य मुंबईतून काँग्रेसला हरवून लोकसभेत गेले. कामगार संप हरला होता, पण आपल्यासाठी कोण उभं राहिलं हे त्याने मतपेटीत नोंदवलं.

आता पैशाकडे येऊ, कारण पाठिंबा फुकट नसतो. गाड्या, पत्रकं, सभा यांचा खर्च संघटनेच्या वर्गणीतून करायचा का? हा प्रश्न आधी इंग्लंडमध्ये पेटला. वॉल्टर ऑस्बॉर्न नावाच्या रेल्वे कामगाराने आपल्याच युनियनविरुद्ध दावा लावला: मी मजूर पक्षाचा नाही, माझ्या वर्गणीतून त्या पक्षाला पैसे का? १९०९मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निकाल दिला. युनियनांचं राजकारण ठप्प झालं, आणि १९१३च्या कायद्याने मधला मार्ग काढला: राजकारणासाठी वेगळा निधी ठेवा, आणि ज्याला द्यायचं नाही त्याने तसं कळवून बाहेर राहावं.

आपल्याकडे मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटक गिरण्यांच्या वादात बी. पी. वाडिया यांच्यावर खटला झाला, त्यानंतर ना. म. जोशी यांनी कायदेमंडळात कामगार संघटनांच्या संरक्षणासाठी ठराव आणला आणि त्यातून १९२६चा कायदा आला. त्याच्या १६व्या कलमात वेगळ्या राजकीय निधीची तरतूद होती, पण इंग्लंडपेक्षा सभासदाला जास्त जपणारी. इथे ज्याला द्यायचं आहे त्यानेच द्यायचं. न देणाऱ्याला संघटनेच्या कुठल्याही लाभापासून दूर ठेवता येत नव्हतं, आणि राजकीय निधीला वर्गणी ही सभासदत्वाची अट करता येत नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९२६च्या कायद्याची जागा तिने घेतली. वेगळ्या निधीची तरतूद तिच्यातही आहे. शंभर वर्षांपूर्वीचं हे तत्त्व मला फार मोलाचं वाटतं: संघटना पाठिंबा देऊ शकते, सभासदाचा विवेक गहाण ठेवू शकत नाही.

सरकारी कर्मचाऱ्यांना तर एवढंही मोकळं रान नाही. १९७९च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांतला पाचवा नियम त्यांना राजकारणात आणि निवडणुकीच्या प्रचारात भाग घेण्यास मनाई करतो. म्हणून त्यांच्या संघटना माणसाचं नाव घेत नाहीत, मागणीचं नाव घेतात. ‘जो पेन्शन देईल त्याला मत’ या वाक्यात उमेदवार कुठेच नाही आणि तरी तो सगळ्यांना कळतो. माझ्या मते हा मार्ग नियमाच्या सक्तीतून जन्मला असला तरी चांगला आहे. त्यात निष्ठा माणसाशी नसून मागणीशी राहते, आणि निवडणूक संपल्यावर तीच मागणी घेऊन जिंकलेल्याच्या दारात जाता येतं.

अमेरिकेत हे सगळं उघड्यावर, ठरावीक रीतीने चालतं. उमेदवारांना लेखी प्रश्नावली जाते; त्यांच्या आधीच्या मतदानाची नोंद तपासली जाते; मुलाखती होतात; आणि अनेक राज्यांतल्या कामगार महासंघांत पाठिंब्याचा ठराव दोन तृतीयांश मतांनी संमत व्हावा लागतो. एवढं करूनही नेते आणि सभासद यांच्यात दरी पडतेच. सप्टेंबर २०२४मध्ये सुमारे १३ लाख सभासदांच्या टीमस्टर्स युनियनने राष्ट्राध्यक्षपदासाठी कुणालाच पाठिंबा दिला नाही. त्यांनी सभासदांचा कौल घेतला होता आणि त्यात ट्रम्प यांच्या बाजूने ५९.६ टक्के, हॅरिस यांच्या बाजूने ३४ टक्के होते. नेतृत्वाने तो कौल जाहीर केला आणि पाठिंबा रोखला. त्यानंतर त्यांच्या अनेक स्थानिक शाखांनी हॅरिस यांना आपापला पाठिंबा दिला. या निर्णयावर टीका झाली, पण एक गोष्ट निर्विवाद आहे: सभासदांना काय वाटतं हे त्यांनी विचारलं आणि लपवलं नाही. आपल्याकडे असा कौल घेऊन त्याचे आकडे जाहीर करण्याची रीतच नाही. भारतीय मजदूर संघ आपण कुठल्याही पक्षाचे नाही असं म्हणतो, सिटू मार्क्सवादी पक्षाच्या विचाराची, इंटक काँग्रेसच्या. मोठ्या महासंघांचा कल सभासदाला विचारण्याआधीच ठरलेला असतो. त्यामुळे विचारण्याची सवय लावायची तर ती खालून, तालुका शाखेतून, कारखान्याच्या गेटवरून लावावी लागेल.

विधान परिषदेच्या सदस्याची मुदत सहा वर्षं. मराठवाड्याच्या शिक्षकांची ही जागा २०२९च्या सुरुवातीला पुन्हा रिकामी होईल, आणि तिची यादी २०२८च्या शेवटी कोऱ्या पानावरून सुरू होईल. तुम्ही शिक्षक असाल तर नमुना १९ स्वतः भरा, तो दुसऱ्याच्या हाती देऊ नका. आणि संघटनेची बैठक लागेल तेव्हा उमेदवाराच्या नावाआधी दोन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या: मागणी कोणती, आणि ती पुरी झाली की नाही याचा हिशेब कोण, कधी देणार.